मावशींच्या परसातली ठिपक्यांची पानं

"अगो, ही झाडं आता जायचीच का?" फोटोखाली मावशींनी एवढंच लिहिलं होतं. फोटोत मागच्या पडवीतल्या कट्ट्यावर ओळीने मांडलेली तीन पानं: एक आंब्याचं, एक चिकूचं, एक कागदी लिंबाचं. तिन्हींवर ठिपके. जुलैचा दुसरा आठवडा होता आणि दापोली तालुक्यात पाऊस अगदी भरात होता.

मावशी म्हणजे माझ्या आईची शाळेपासूनची मैत्रीण. मी शेती शिकले आणि गेली काही वर्षं घरगुती बागांची कामं करते, म्हणून गावाकडचं कुणाचंही झाड आजारी पडलं की फोटो माझ्याकडे येतो. मी प्रवासात होते. गाडीतूनच लिहून टाकलं, "पावसाळ्यातला करपा दिसतोय, काळजी करू नका." करपा म्हणजे पानं करपवणारा बुरशीचा रोग. ते उत्तर तिन्ही पानांच्या बाबतीत चुकीचं होतं. फोटोत रंग दिसतो, पण ठिपका खोलगट आहे की उठावदार, पानाच्या एका बाजूला आहे की आरपार, नखाने निघतो की नाही, यातलं काहीच कळत नाही. झाडावर तो नेमका कुठे आला, हे तर मुळीच नाही.

संध्याकाळी फोन केला तेव्हा बाकीचं समजलं. पंधरा दिवसांत दोन फवारण्या झाल्या होत्या. औषधांच्या एका दुकानात पान दाखवल्यावर त्यांनी तीन बाटल्या हातात दिल्या आणि तिन्ही एकत्र मिसळून मारायला सांगितलं. ठिपके होते तसेच. आठवड्यात तिसरी फवारणी ठरलेली आणि काकांनी लाकूडतोड्याला सांगून ठेवलेलं, "आंबा काढूनच टाकूया, त्याच्यामुळेच सगळ्यांना लागलंय." पस्तीस वर्षांचा हापूस. मी फवारणी आणि तोड दोन्ही थांबवायला सांगितली आणि चौथ्या दिवशी गावाला गेले.

परस

चिऱ्याचं घर, उतरतं कौलारू छप्पर, मागे परस. पश्चिमेच्या कडेला आंबा. त्याच्या सावलीत, अगदी त्याच्या फांद्यांत शिरलेला कालीपत्ती जातीचा चिकू. चिकूच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या, बुंध्याशी वर्षभराचा पातेरा साचून कुजत होता. लिंबू न्हाणीच्या कोपऱ्यावर, छपराच्या पागोळ्या थेट त्याच्या शेंड्यावर पडत होत्या. शिवाय कढीपत्ता, जास्वंद, फणस, एक पेरू. आणि पलीकडे विहीर, माड, पोफळी.

मी आधी निरोगी झाडं पाहते. फणस स्वच्छ होता, कढीपत्ता आणि जास्वंदही स्वच्छ. औषधाने पानं भाजली असती किंवा पाण्यात काही दोष असता, तर जवळजवळ लावलेल्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर सारख्याच खुणा दिसल्या असत्या. तसं काही नव्हतं. फक्त आंब्याखालच्या पेरूच्या दोन-तीन पानांवर आंब्यावर होते तसेच ठिपके दिसले, आणि तिथेच माझ्या करप्याच्या निदानाला पहिला तडा गेला.

आंबा

आंब्याचे ठिपके खालच्या, आतल्या, पश्चिमेकडच्या फांद्यांवर होते, तेही गेल्या वर्षीच्या जून पानांवर. शेंड्याची पालवी जवळजवळ कोरी होती. करपा याच्या उलट वागतो. आंब्यावरची करप्याची बुरशी कोवळ्या पालवीवर तुटून पडते. तिचे डाग काळपट तपकिरी, वेडेवाकडे असतात, एकमेकांत मिसळतात, पानाची कड मुरडते आणि वाळलेला भाग गळून भोकं पडतात. इथे ठिपके गोल, विटकरी-नारिंगी आणि मखमली होते. बोट फिरवलं तर पृष्ठभाग किंचित वर उचललेला लागत होता.

नखाने खरवडलं. नारिंगी मखमल भुकटीसारखी नखात आली आणि खाली पानाला फक्त फिकट डाग राहिला. बुरशीने मेलेला पानाचा भाग असा निघत नाही. ही बुरशी नव्हतीच, हे शेवाळ होतं: सेफॅल्युरॉस. आपल्याकडे त्याला लाल तांबेरा म्हणतात, आणि या नावामुळे लोक हमखास फसतात, कारण गव्हावरचा तांबेरा ही बुरशी आहे. या शेवाळात हरितद्रव्य असतं, ते आपलं अन्न स्वतः तयार करतं. नारिंगी रंगद्रव्याने हिरवा रंग झाकला जातो, एवढंच. पानावर पाण्याचा पापुद्रा टिकला की त्याचे बीजाणू त्यात पोहत नव्या जागी रुजतात. एकाच जातीच्या झाडावर राहण्याचं बंधन त्याला नाही. आंबा, पेरू, चिकू, मिरी, चहा, सगळीकडे ते सापडतं. पेरूच्या पानांचा उलगडा इथे झाला. काही जुने ठिपके राखाडी-पांढरे पडले होते. या शेवाळाशी बुरशीची जोडी जमली की तिथे दगडफूल तयार होतं, ते तसं दिसतं.

जोमदार झाडाचं हे शेवाळ फार बिघडवत नाही. आतली फांदी दाट झाली आहे, ऊन पोचत नाही, पानं दिवसचे दिवस ओली राहतात, याची ती खूण असते. कोवळ्या फांद्यांच्या सालीवर पसरलं तर साल तडकते, तेव्हा मात्र लक्ष द्यावं लागतं. इथे दोन फांद्यांवर तशी सुरुवात होती.

माझी शंका पुरती फिटावी म्हणून काही पानं ओल्या कापसावर ठेवून प्लॅस्टिकच्या डब्यात झाकून ठेवली. घरी कुणालाही जमेल अशी ही चाचणी आहे. करपा असेल तर तीन-चार दिवसांत डागांवर सालमन माशाच्या मांसासारख्या गुलाबी-केशरी बीजाणूंचे बारीक गोळे उठतात. मखमली ठिपक्यांवर काही आलं नाही. टोक काळं पडलेल्या एका कोवळ्या पानावर मात्र ते आले. म्हणजे करपा परसात होता, पण अगदी थोडा. खरा पसारा शेवाळाचा होता.

चिकू

चिकूबद्दल फार बोलायला नको, कारण तो ओळखायला सोपा होता. पानापानावर शंभरावर बारीक ठिपके, एकेक दोन-तीन मिलिमीटरचा, कड गुलाबी-तपकिरी आणि मध्य राखेसारखा. दहापट भिंगातून पाहिलं की त्या राखाडी भागात सुईच्या टोकाएवढे काळे बिंदू दिसत. बुरशीचे बीजाणू तिथे तयार होतात. ठिपका सपाट, आरपार, खरवडून न निघणारा. पान पिवळं पडून गळत होतं. ही फिओफ्लिओस्पोरा इंडिका, चिकूवरची नेहमीची बुरशी. कालीपत्ती तिला चटकन बळी पडतो. वनस्पती रोगशास्त्र शिकलेल्या एका मित्राला पानं नेऊन दिली, त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तेच सांगितलं. गळलेल्या पानांतून पुढच्या पावसात बुरशी पुन्हा वर उडते, म्हणून बुंध्याशी साचलेला तो पातेरा मला सगळ्यात जास्त खुपत होता.

लिंबू

लिंबाच्या पानावरून डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळत होतं. दोन्ही बाजूंनी खरखरीत, बुचासारखे उठलेले, काताच्या रंगाचे फोड आणि भोवती पिवळं वलय. पान आभाळासमोर धरलं की फोडाच्या कडेला तेल लागल्यासारखी पारदर्शक कड दिसे. काट्यांवर, कोवळ्या काड्यांवर आणि दोन लिंबांच्या सालीवरही तेच. हा खैऱ्या, झँथोमोनास जिवाणूचा रोग. कागदी लिंबाच्या तो पाचवीलाच पुजलेला.

एक पान मी मावशींना जवळून दाखवलं. पाने पोखरणाऱ्या नागअळीने त्यावर चंदेरी नागमोडी वाट काढली होती आणि खैऱ्याचे फोड नेमके त्या वाटेवर, माळेत ओवल्यासारखे एकापुढे एक आले होते. जिवाणू पानात शिरतो तो पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून. अळी आत फिरताना पानाची सालच उघडी टाकते, मग पावसाच्या शिंतोड्यांतून आलेल्या जिवाणूला आयती वाट मिळते. "म्हणजे आधी अळी, मग हे?" मावशींनी विचारलं. दर वेळी असं होतं असं नाही. पण त्या झाडावर तसं झालं होतं.

पागोळ्यांनी त्यात भर घातली. शेंड्यावरच्या काडीवर फोड, त्यावर वरून धार, आणि धारेचं पाणी उडून खालच्या प्रत्येक पानावर. पाऊस थांबल्यावरही छपरातून तासभर पाणी ठिबकतच होतं. त्या कोपऱ्यात ते झाड कधी कोरडं व्हायला सवडच नव्हती.

तीन बाटल्या

मी बाटल्यांवरची लेबलं मोठ्याने वाचून दाखवली. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक 'टॉनिक'. शेवाळावर कीटकनाशक काही करत नाही. जिवाणूवर ते बुरशीनाशक चालत नाही. चिकूवर चाललं असतं, पण फवारल्यावर अर्ध्या तासात सर आली होती आणि चिकट द्रावण घातलेलं नव्हतं. सगळ्यात वाईट झालं ते टॉनिकमुळे. त्यातल्या नत्रामुळे लिंबाला भर पावसात लुसलुशीत पालवी फुटली, नागअळीला आणि खैऱ्याला हवी असते अगदी तशी. पैसे गेले त्याचं दुःख मावशींना होतं. मला जास्त त्रास याचा झाला की त्या दोन फवारण्या विहिरीपासून दहा पावलांवर झाल्या होत्या आणि पंप विहिरीच्या काठावरच धुतला होता.

काय केलं, कधी केलं

पहिल्या दिवशी औषध कुठलंच मारलं नाही. काकांनी पत्र्याची पन्हळ करून घेतली आणि लिंबावरच्या छपराच्या कडेला बसवली. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वात उपयोगी काम तेच. चिकूखालचा पातेरा आम्ही दोघींनी ओढून काढला आणि परसाच्या दुसऱ्या टोकाला खड्ड्यात पुरला. जमिनीला टेकलेल्या फांद्या गुडघ्याच्या वर येतील एवढ्याच छाटल्या.

लिंबाला कात्री लावायला मावशी अधीर झाल्या होत्या, मी थांबवलं. ओल्या झाडावर कात्री चालवली की पात्यावरून जिवाणू फांदीफांदीला पोचतो. ऑगस्टच्या शेवटी चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा फोड असलेल्या काड्या निरोगी भागापर्यंत मागे कापल्या. प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसलं. मावशी बाटली धरून शेजारी उभ्या होत्या आणि मी एकदाही विसरू नये याची काळजी घेत होत्या. कापलेल्या काड्या पातेऱ्यात न टाकता चुलीत घातल्या. गळलेलं पान कुजलं की त्यातला जिवाणू टिकत नाही, पण जिवंत काडीवरच्या जुन्या फोडात तो वर्षानुवर्षं दबा धरून राहतो. म्हणून लिंबाच्या बाबतीत पानं वेचण्यापेक्षा काड्या कापण्याला जास्त महत्त्व.

त्याच उघडिपीत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुना पाण्यात कालवून केलेलं औषध, फवारलं. ते बनवायला माणूस शोधावा लागला नाही. सुपारीच्या कोळेरोगासाठी कोकणात पिढ्यान् पिढ्या मोरचूद-चुना मारतात, त्यामुळे पोफळीवर चढणाऱ्या पाडेल्याला प्रमाण तोंडपाठ होतं. फ्रान्समधल्या बोर्दो भागात १८८५ साली मिलार्दे यांनी द्राक्षाच्या केवड्यावर हे मिश्रण जगापुढे आणलं. ते बुरशी, जिवाणू आणि हे शेवाळ तिघांनाही लागू पडतं. तीन वेगळे रोग असलेल्या परसात म्हणून तेच निवडलं.

१ टक्का मिश्रण असं केलं: १०० ग्रॅम मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर प्लॅस्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात लोंबकळत ठेवला. सकाळी १०० ग्रॅम कळीचा चुना थोडं थोडं पाणी शिंपडून फोडला, मग ५ लिटर पाण्यात कालवून गाळला. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत बारीक धारेने ओतलं आणि काठीने सारखं ढवळलं. आभाळी निळा रंग आला. पाडेल्याने विळ्याचं घासलेलं पातं मिनिटभर त्यात बुडवलं. वर काढलं तर त्यावर तांबूस झाक. म्हणजे मोकळं तांबं शिल्लक आहे, असंच मारलं तर पानं भाजतील. आणखी थोडी चुन्याची निवळी घातली, पातं पुन्हा घासून बुडवलं, या वेळी स्वच्छ निघालं. मिश्रण दुपारच्या आत संपवलं, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग राहत नाही. लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात ते करू नये हे त्याने मला दोनदा बजावलं, मी शेती शिकले आहे हे ठाऊक असूनसुद्धा.

फवारणीआधी काढायजोगे चिकू उतरवून घेतले. कढीपत्त्यावर जुनी साडी टाकली, कारण तो रोज फोडणीत पडतो. विहिरीवर ताडपत्री ओढली. आत गप्पी मासे आहेत आणि तांबं माशांना फार घातक. पंप या वेळी माडाच्या आळ्यापासूनही लांब धुतला. तांब्याचं औषध सौम्य समजून दर महिन्याला मारणारे लोक मी पाहिले आहेत. तांबं मातीतून कुठे जात नाही, साचत राहतं. वर्षाला दोन-तीन फवारण्यांपलीकडे घरच्या बागेत जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लिंबाच्या खैऱ्यावर प्रतिजैविक मिसळायचा सल्लाही बरेच देतात. घरच्या झाडावर मी तो कधीच देत नाही. जी औषधं माणसाच्या आजारात लागतात, ती अंगणात उधळू नयेत.

नागअळीसाठी नवी पालवी बोटभर झाली की ५ टक्के निंबोळी अर्क. मावशी तो घरीच करतात.

आंब्याचं काम ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण गेल्यावर. लाकूडतोड्या आलाच, पण झाड तोडायला नव्हे. आतल्या वाळक्या, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या आणि चिकूवर झुकलेली एक मोठी फांदी तेवढी काढली. कापांवर लगेच बोर्डो मलम लावलं. उघडा काप भिरुडाला, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीला, बोलावतो. दुपारनंतरचं ऊन चिकूच्या बुंध्यापर्यंत आलं, तेव्हा काका बराच वेळ तिथे उभे राहून बघत होते.

पुढच्या वर्षी मे संपता संपता, मृगाआधी, एक फवारणी झाली. ऑगस्टच्या उघडिपीत दुसरी.

दुसरा पावसाळा

आंब्यावर नवे मखमली ठिपके शोधावे लागले. आधीचे डागाळलेले जुने पान तसंच राहिलं, डाग पुसले जात नाहीत आणि ते पान वयानुसार गळेपर्यंत काही करायची गरज नाही, हे मावशींना पटायला वेळ लागला. पेरू पूर्ण स्वच्छ. चिकूच्या वरच्या दोन-तृतीयांश भागात पान चांगलं आलं. खाली, जिथे अजून सावली आहे, तिथे ठिपके आहेत, पण पानगळ थांबली. आमच्या प्रयत्नांतलं सगळ्यात समाधानाचं काम चिकूचं झालं.

लिंबाचं तसं नाही. खैऱ्या कमी झाला, गेला नाही. श्रावणात आलेल्या पालवीवर पुन्हा फोड आले, काही लिंबांच्या सालीवर खपल्या आहेत. रसाला काही होत नाही, घरी वापरायला ते लिंबू उत्तम. मावशींना मी स्पष्ट सांगितलं की या झाडावरून हा रोग पूर्ण हटेल अशी आशा मला नाही. काड्या कापत राहायचं, पन्हळ साफ ठेवायची, नत्र पावसाळ्यात द्यायचं नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात खैऱ्याला तुलनेने सोसते, तिचं एक रोप परसाच्या पूर्वेच्या, मोकळ्या बाजूला लावलं आहे. न्हाणीजवळचं झाड मावशी काढणार नाहीत. ते त्यांच्या सासूबाईंनी लावलेलं आहे, आणि मीही काढा म्हटलेलं नाही.

नवे फोड आले ते मुख्यतः पश्चिमेच्या काड्यांवर. कारण गडग्यापलीकडे शेजारच्या आवारात आणखी एक कागदी लिंबू आहे, खैऱ्याने भरलेलं, आणि पावसाळी वारा तिकडूनच येतो. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या पावसातून जिवाणू गडगा सहज ओलांडतो. काका जाऊन शेजाऱ्यांशी बोलून आले. त्यांनी दिवाळीनंतर, कोरडं पडलं की, काड्या छाटू दे म्हटलंय. कात्री आणि स्पिरिटची बाटली मावशींनी आत्ताच फळीवर काढून ठेवली आहे.